वर, खाली, मीट, उघड

माझ्या चेहऱ्याकडे आजवर सगळ्यात बारकाईने जर कोणी पाहिलं असेल तर ते माझ्या नवऱ्याने नव्हे, हे चोवीस वर्षांच्या संसारानंतर मी शांतपणे लिहू शकते. ते काम पवनीतल्या एका पार्लरवालीने केलं. तिने ते केलं नसतं तर... हे वाक्य मी घरात शंभरदा सुरू केलंय आणि एकदाही पुरं केलेलं नाही.

झालं असं की एका शुक्रवारी माझा अर्धा चेहरा गेला. म्हणजे होता जागच्या जागीच, पण कामावर नव्हता. तो गेल्याचं मला कळलं नाही. ज्यांच्यासमोर मी सकाळपासून वावरत होते त्या कोणालाच कळलं नाही. कळलं ते तिला, आणि तेही मी दारातून आत पाय टाकते न टाकते तोच. पण ती बाई कशी होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणी खरं धरणार नाही. आमच्या घराण्यात तशीही मी गोष्टी फुगवून सांगणारी म्हणूनच प्रसिद्ध आहे.

सगळ्या पवनीची ती मावशी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गाव गेलं तेव्हा पुनर्वसनाच्या प्लॉटवर राहायला आलेल्यांपैकी एक. माहेरी मासेमारी, सासरी मासेमारी. लहानपणापासून हातात जाळं. फाटलेलं जाळं सांधताना दोरी दातात धरायची सवय तिला आधीपासूनच होती. त्यामुळे बचत गटाच्या बायकांसाठी आयब्रो करायचं शिबिर भरलं तेव्हा बाकीच्या आठवडाभर आपापल्या मांडीवरचे केस उपटत बसल्या आणि ही पहिल्याच दुपारी शिकवणारीच्या भुवया करून मोकळी झाली. घराची समोरची खोली हेच पार्लर. एक खुर्ची, एक बाकडं, एक पंखा. पाटी नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "कायले पायजे पाटी? ज्याले भुवया आहेत त्याले सापडते घर."

खुर्चीसमोर आरसा नव्हता. आरसा होता बाहेर, अंगणात, न्हाणीच्या भिंतीवर. काम झालं की "जाय, उजेडात पाह्य" म्हणायची. "ट्यूबलाइटमदी सगळ्याच गोऱ्या दिसतेत." खुर्चीत बसल्यावर बोलायची बंदी. ही शिक्षा माझ्यासारखीला किती जड जात असेल याची कल्पना ज्यांनी मला लग्नाकार्यात ऐकलंय त्यांनाच येईल. पापणी ताणून धरायची ती आपली आपण. मावशी डोळ्याला हात लावत नसे. "डोळा तुहा, तूच धर. मले फक्त केस दे."

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, भुवया राहत. तहसील कचेरीतल्या बाईंना ती "डाव्या भुवईत भवरा असलेली" म्हणायची. बँकेतली, मध्ये जुळलेल्या भुवयांची, ती "जुडकी", वरच्या आळीतली एक "उंदरानं कुरतडलेली". हे सगळं तोंडावर, आणि सगळ्यांना अरे-तुरे. मला मात्र "मास्तरीण" म्हणायची. मी आयुष्यात एक दिवस शिकवलेलं नाही. मास्तर माझा नवरा आहे. पण या पदवीला मी कधी हरकत घेतली नाही.

आणि मुख्य म्हणजे तिची कवायत. खुर्चीत कोणीही बसो, कॉलेजची पोर असो की नातसून असलेली आजी, दोऱ्याला हात घालण्याआधी मावशी बटणाच्या मोबाईलची बॅटरी चेहऱ्यावर मारायची आणि चार हुकूम सोडायची.

"वर. खाली. मीट. उघड."

भुवया वर घ्यायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या, डोळे मिटायचे, उघडायचे. एवढं झाल्याशिवाय दोरा दातात जात नसे. घाई असलेल्या बायका कुरकुरायच्या. "मावशी, आयब्रो कराले आलो, पोलीस भरतीले नाई." मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पुन्हा म्हणायची, "वर."

मेकअपचं सामान एका स्टीलच्या डब्यात मावायचं. घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, पावडर, टिकल्यांची पाकिटं, व्हॅसलीन आणि एक मरून लिपस्टिक, जी ती करंगळीने लावून द्यायची. एवढ्यात तिने किती नवऱ्या सजवल्या असतील याला गणती नाही. पोरी मोबाईलवर फोटो घेऊन यायच्या, अशी करा, तशी करा. मावशी फोटो पाहायची, पोरीकडे पाहायची. "ते बाई मोबाईलमदी राह्यते. तुले पवनीत राह्याचं आहे." कोणी रंगापेक्षा दोन पायऱ्या गोरं फाउंडेशन थापून आली की ओल्या फडक्याने तिच्या हनुवटीखाली एक रेघ पुसायची आणि विचारायची, "मान कोणाची वो? आणि तोंड कोणाचं?"

मीही तिच्या तावडीत सापडले होतेच. पंचेचाळिशी उलटल्यावर मला एकदा व्हिडिओ पाहून पेन्सिलीने भुवया काढायची हौस आली. आरशात बऱ्या दिसल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनाला तशीच गेले, तर मुख्याध्यापक बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे नं? काही वाईट बातमी?" भुवया जवळजवळ भांगापर्यंत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मावशीने खोबरेल तेलाने त्या पुसल्या. "तुह्या भुवया तशाही लय बोलतेत मास्तरीण," ती म्हणाली. "त्यायले आणखी वर कायले चढवून राहिली?"

ते मात्र खरं होतं. मी गोष्ट सांगते ती निम्मी तोंडाने आणि निम्मी भुवयांनी. आमच्या कुटुंबात कोणतंही लग्न, बारसं, तेरवी असो, जेवणं झाली की पोरं मला घेरतात. कोण कोणाच्या वरातीतून पळालं, कोणत्या आजेसासऱ्याने व्याह्याच्या धोतरावर वरण सांडलं, हे सगळं मी करून दाखवते. आजेसासऱ्यांची डावी भुवई वर जायची. मी ती नेमकी तशी न्यायची आणि मांडव हसायचा. दिसायला मी बेताची, सुगरण तर नाहीच. माझ्याकडे एवढी एकच कमाई.

तर तो शुक्रवार. शनिवारी लाखांदूरला भाचीचं लग्न, शुक्रवारी संध्याकाळी हळद. आमची साडेतीनची एसटी. सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या कडेने गळ्यावर आलं. मी ब्रशला नावं ठेवली. चहा पदरावर सांडला. कपाचा टवका उडालेला होता, म्हणून कपाला. डावा डोळा चुरचुरत होता. तो राग कांद्यावर काढला. तीन निरपराध वस्तूंना दोषी ठरवून बाराच्या सुमारास मी मावशीकडे गेले. खुर्चीत कॉलेजची एक पोर बसलेली, तिची एक भुवई झालेली, दुसरीवर दोरा टेकलेला. मी दारातूनच म्हणाले, "मावशी, लवकर घ्या बरं का मला, साडेतीनची गाडी आहे."

मावशीने वर पाहिलं आणि तिच्या दातातला दोरा सुटला. तो सुटलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"काय म्हटली? पुन्हा म्हण."

"साडेतीनची गाडी आहे."

ती उठून माझ्याजवळ आली. दारातच उभं करून तिने चेहऱ्यावर बॅटरी मारली. "वर."

मी भुवया वर घेतल्या.

"वर म्हटलं."

"घेतल्या नं मावशी."

"एकच गेली. मीट."

मी डोळे मिटले.

"मीट नं."

"मिटलेत की!"

"डावा उघडा आहे," ती म्हणाली. "बुबूळ वर गेलं. पांढरं दिसून राहिलं मले."

मिटल्या डोळ्यांनी मला बॅटरीचा दिवा लख्ख दिसत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मावशीने तांब्या पुढे केला. मी घोट घेतला आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून, मला न विचारता, हनुवटीवर उतरलं.

मावशीने खुंटीवरची पिशवी काढली. खुर्चीतली पोर घाबरून म्हणाली, "मावशी, माही दुसरी?"

"तू घरी जाय."

"एकाच भुवईनं?"

"एक झाली ते चांगली झाली. हिची पाह्य," मावशी म्हणाली आणि माझा दंड धरून मला रस्त्याने चालवत घरी आणलं.

घरी आमचे हे आणि मोठ्या जाऊबाई आहेराच्या साड्या मोजत होते. मावशीने मला त्यांच्यासमोर उभं केलं. "मास्तर, हिच्या तोंडाकडे पाहा."

ह्यांनी चष्मा लावला. पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. "मले तर काही फरक दिसून नाही राहिला. ती करते कधीकधी असं तोंड."

"रोज शाळेत पोरायची हजेरी घेते नं तुमी? आज घरची घ्या. हस वो मास्तरीण."

मी हसले. ह्यांच्या हातातली साडी खाली पडली. तेव्हा मला खरी भीती वाटली. आरसा पाहायची गरजच उरली नाही.

"लकवा!" जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. "बाप्पा बाप्पा! अहो भाऊजी, नदीपलीकडे एक जण आहे, कबुतराचं रक्त चोळून देते. तीन दिवसांत तोंड सरळ. आमच्या मामीचं झालं होतं."

ह्यांनी एकदा जाऊबाईंकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मास्तर माणूस, निर्णय घ्यायची वेळ आली की वरिष्ठांच्या पत्राची वाट पाहतो. "तसं जवळ आहे," ते म्हणाले. "तिकडून परस्पर लाखांदूरही गाठता येईल."

"कबुतर सोबत घ्या," मावशी म्हणाली. "भंडाऱ्यापर्यंत मोटारीत बसवू. डाक्टर म्हणाला चोळा, तर चोळू."

"पण आज हळद आहे वो तिकडे! आहेर कोण नेईल?" जाऊबाई म्हणाल्या.

"आहेर तुमी न्या. हिले माह्यासंग येऊ द्या. डोक्यातला झटका असला तं हळदीले नाई थांबत तो."

झटका हा शब्द तोपर्यंत कोणी उच्चारला नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणायला गेले की चला भंडाऱ्याला, तर "भ" ओठांवर मिळेचना. हवाच निघाली नुसती. ह्यांनी खिशात पाकीट आहे का ते चाचपलं आणि चपला घातल्या.

स्टँडवर भंडाऱ्याची जीप उभी होती, पण भरलेली नव्हती. ड्रायव्हर पान चघळत म्हणाला, आणखी चार सीट आल्याशिवाय हलणार नाही. मावशीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुही बायको माह्याकडे येते. जुडक्या भुवईची, उजवीकडे तीळ. तिची आई अशीच बसून राहिली होती नं गाडी भरेपर्यंत?"

ते तिला कसं ठाऊक होतं मला माहीत नाही. ड्रायव्हरने पान थुंकलं आणि किल्ली फिरवली.

भंडारा तासा-सव्वा तासाचा रस्ता. काचा बंद होत नव्हत्या, धूळ येत होती, आणि माझा डावा डोळा उघड्या खिडकीसारखा. मावशीने पदराचं टोक पाण्यात भिजवलं, माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि आपल्या बोटाने माझी पापणी खाली ओढून धरली. कोणाच्या डोळ्याला हात न लावणाऱ्या त्या बाईने भंडाऱ्यापर्यंत ते बोट काढलं नाही. दोऱ्याने त्या बोटाला आडवी खाच पडलेली होती. ती मला पापणीवर जाणवत होती.

दर थोड्या वेळाने ती तपासायची. "दोन्ही हात वर कर. पाय हालव. गाव सांग." मी सांगत होते, अर्ध्या ओठांनी. मग ती म्हणाली, "नवऱ्याचं नाव सांग."

मी थांबले.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतात, तेही चार बायकांनी दार अडवलं तर. चोवीस वर्षांत मी ते नाव सरळ घेतलेलं नाही, आणि ते समोरच्याच सीटवर बसलेले.

"नाव सांग मास्तरीण." मावशीचा आवाज बदलला. "आठवून नाई राहिलं?"

ह्यांनी मागे वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक. "अगं, सांग नं! माझं नाव! सांग!"

तरी माझ्या तोंडून निघेना. ड्रायव्हरने गाडीचा वेग वाढवला. मावशीने माझी हनुवटी धरली, "डोक्यात गेलं वाटते," असं पुटपुटली, आणि ते ऐकून मी भीतीने किंचाळून नवऱ्याचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, जीपमधल्या पाच अनोळखी माणसांसमोर. ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे. ह्यांनी पुन्हा पुढे तोंड केलं, पण त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत नव्हते.

भंडाऱ्यात डॉक्टरांनीही तेच केलं. हात वर, पाय वर, हसा, डोळे मिटा, भुवया वर. मी मनात म्हटलं, एवढं शिकायला यांना इतकी वर्षं लागली. रक्तदाब घेतला, डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. तो येईपर्यंत आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. मी पोटाशी पर्स धरून, तिच्यात हळदीसाठी घेतलेली कॉम्पॅक्ट आणि नवी लिपस्टिक. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले; आमची एसटी सुटली असणार. मावशीचं बोट पापणीवरच होतं.

डॉक्टर आले ते खुर्ची ओढून बसले. "झटका नाही," ते म्हणाले. "चेहऱ्याची नस सुजली आहे. पहिल्या दिवशीच आलात हे फार बरं केलं. आजपासूनच गोळ्या सुरू करू. डोळा जपा, थेंब घाला, झोपताना पट्टी लावून बंद करा."

"चेहरा परत येईल नं?" ह्यांनी विचारलं.

"बहुतेकांचा येतो. काही आठवडे लागतात. काहींचा थोडा राहून जातो."

मला पुढची वाक्यं ऐकू आली नाहीत. राहून जातो, एवढंच.

लग्न माझ्याविना झालं. बहीण नंतर फोनवर म्हणाली, "सगळं कसं शांततेत पार पडलं बाई." ती सांत्वनच करत होती.

मग सुरू झाले शनिवार. मावशीने हुकूमच काढला होता की दर शनिवारी दुपारी यायचं. भुवया करायला नाही, दाखवायला. ती खुर्चीत बसवायची, बॅटरी मारायची, चारही हुकूम म्हणायची आणि निकाल द्यायची. "नाई आलं." मग डाव्या भुवईतला एक, अगदी एकच केस दोऱ्यात पकडून उपटायची.

"दुखलं?"

"दुखलं."

"हलली नाई पण. जाय, पुढच्या शनवारी ये."

घरी मात्र सगळ्यांना रोज फरक दिसत होता. हे म्हणायचे, "कालच्यापेक्षा पुष्कळ आहे." जाऊबाई म्हणायच्या, "नजर लागू नये." पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला, त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "आई, नेटवर्क अडकलं का गं? तू अर्धीच हलतेय." ह्यांनी घाईघाईने फोन बंद केला. चौथ्या आठवड्यात पुतण्याची छोटी पोर गोष्ट ऐकायला मांडीत बसली. मी आजेसासऱ्यांची वरणाची गोष्ट सुरू केली. भुवई वर न्यायच्या जागी आले, आणि नुसतंच सांगितलं की मग त्यांनी भुवई वर नेली. पोर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग हळूच उतरली आणि म्हणाली, "आजी, राहू दे. बरी झाली की सांग."

त्या शनिवारी मावशी "नाई आलं" म्हणाली तेव्हा माझा तोल सुटला. "एकदा तरी खोटं बोला नं मावशी!"

"खोटं बोलाले तुहं घर आहे," ती दोरा गुंडाळत म्हणाली. "इकडे पाहाले येत जाय."

आता माझ्या एका पापाची कबुली द्यायला हवी. मधल्या काळात मी नातेवाइकांना फोनवर सांगत होते की मावशीला हे कसं कळलं असेल. बोलता येत नसलं तरी माझी जीभ काही स्वस्थ बसत नाही. माझी गोष्ट अशी, की तिचा नवरा एका पहाटे नावेत बसला, त्याचं तोंड वाकडं झालं, हिला वाटलं प्यायलाय, आणि संध्याकाळपर्यंत तो गेला. तेव्हापासून ही समोर येणाऱ्या प्रत्येकीला कवायत करायला लावते. यातलं मला कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. पण गोष्ट इतकी बरोबर बसत होती की दुसऱ्या फोनपासून मी ती खरीच मानायला लागले. लाखांदूरच्या बहिणीने तर फोनवर डोळे पुसले.

पाचव्या शनिवारी मी खुर्चीत असताना मागच्या दारातून एक धट्टाकट्टा म्हातारा आला. अंगाला माशांचा वास, हातात सांधायला घेतलेलं जाळं. "चहा मांडू का वो?" त्याने विचारलं.

"मांडा. हिलेही द्या, बशीत द्या," मावशी म्हणाली.

"हे कोण?" मी विचारलं.

"माहा नवरा. कोण असन?"

मी त्या माणसाला दोन आठवडे मारून ठेवलं होतं. त्याच्या हातचा चहा घेताना मला त्याच्याकडे बघवेना. चहा छान होता. निम्मा बशीत, निम्मा पदरावर. शेवटी मी विचारलंच, "मावशी, मग तुम्ही सगळ्यांना वर-खाली करायला का लावता?"

तिला प्रश्नच कळला नाही. "दोन बरोबर करा लागतेत नं? कोणती किती चालते ते पहिले नाई पाहिलं तं केस काढू कोठून?"

"एवढंच?"

"मंग आणखी काय पायजे?"

सहावा शनिवारही तसाच गेला. सातव्या शनिवारनंतरच्या सोमवारी भंडाऱ्याला दाखवायला जायचं होतं. त्या दिवशी डॉक्टर काय सांगतील ते मी मनात पाठ करून ठेवलं होतं. सातव्या शनिवारी गेले तेव्हा बाकावर चार पोरी ओळीने बसलेल्या, आणि मला ते नको होतं. मी म्हटलं, नंतर येते. मावशीने खुर्चीकडे नुसतं बोट केलं.

"वर." काही नाही. "खाली." काही नाही. "मीट." पापणी अर्ध्यावर थांबली, नेहमीसारखी. "उघड."

तिने बॅटरी बंद केली. नाई आलं, हे ऐकायची मी तयारी केली. तिने दोरा दातात धरला, वाकली, एक केस उपटला. मी कळवळले. तिने दोरा बाजूला न घेता आणखी एक उपटला. मग आणखी एक.

"मावशी! काय करून राहिल्या?"

"तुहं बोट दे." तिने माझा हात ओढून माझं बोट माझ्या डाव्या भुवईवर टेकवलं. "धरून ठेव. दाबू नको." आणि बोटाच्या अगदी शेजारचा केस ओढला.

बोटाखाली काहीतरी सरकलं. इवलंसं. मी श्वास रोखून धरला. बाकावरच्या पोरी उठून जवळ आल्या होत्या. मावशीने पुन्हा ओढला, आणि ते पुन्हा सरकलं. यावेळी मला शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

"मी हलवली का?" मी विचारलं.

"मंग मी?"

मी रडायला लागले, पोरींच्या देखत, नाक ओढत. एका पोरीने आपला रुमाल दिला, दुसरी उगाचच माझा पदर नीट करत राहिली. मावशी दोऱ्याचं रीळ हातात घेऊन थांबली होती. तिला रडणाऱ्या चेहऱ्यावर काम करता येत नसे. जरा सावरल्यावर मी पर्समधून कॉम्पॅक्ट काढली, उघडली, सात आठवड्यांचं ते जंगल पाहिलं आणि खुर्चीत ताठ बसून म्हटलं, "मावशी, करून टाका आता. दोन्ही करा. सोमवारी डॉक्टरांसमोर अशी जाऊ का?"

"नाई."

"नाई म्हणजे?"

मावशीने माझ्या हातातली कॉम्पॅक्ट मिटली, पर्समध्ये टाकली आणि बाकावरच्या पहिल्या पोरीला खुर्चीकडे यायची खूण केली.

"आजच आली तुही भुवई," ती म्हणाली. "आल्या आल्या कामाले नको लावू तिले. आज बसू दे."